जमनीच्या फेटियातली जागा

तांडा, ता. दिग्रस
९ डिसेंबर २०२४

रंजिताबाईंना जयाचा जय सेवालाल.

पेन ड्राइव्ह याच पाकिटात परत पाठवून राह्यली. तुमचे भाऊ दिग्रसले जाऊन यवतमाळ गाडीच्या वाहकाजवळ देतील, स्टँडवरून घेऊन घ्या. फोनच केला असता, पण इथं रेंज पाहिजे तर टेकडीवर चढा, अन् चढून लावला तर तुम्ही उचलत नाही. मोठ्या डिझायनर झाल्या तुम्ही. म्हणून लिहून राह्यली.

यावेळच्या ड्राइव्हमधली एकबी फाइल आमच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. दरवेळी तुमची पाठवलेली फाइल लावली की दोन मिनिटांत भरतकामाची मशीन टकटक सुरू होते. या वेळी स्क्रीनवर इंग्रजी पाटी येते. माह्या जमनीनं वाचून सांगितलं का ही फाइल या सॉफ्टवेअरच्या ओळखीची नाही. म्या म्हटलं, तुमच्या आईनं, आपल्या याडीनं काढलेलं डिझाइन याडीच्याच घरात ओळखीचं नाही, हे कसं काय?

बचत गटाच्या बाया येतात, मशीनकडे पाहतात, चहा पिऊन जातात. सुखीबाई तर मलेच म्हणते, जया, तू काहीतरी दाबलं असशील. मी काही दाबलं नाही. ड्राइव्ह आला तसा लावला. अन् तुमच्या सांगण्यापरमाणं काम झालं का फायली आमच्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकतो आम्ही, एकबी ठेवत नाही. तेव्हा घोळ आमच्याकडचा नाही.

बाकी ऑर्डरीचं मागंपुढं होईल. पण यातच जमनीच्या लग्नाचा फेटिया हाये. पांढरकवड्याच्या पाहुण्यांनी मार्चची तारीख धरली. एवढ्या घेराचा घागरा भरायचा, वरून आरसे हातानं लावायचे, दिवस लागतात. याडीनं जायच्या आधी नातीसाठी काढलेलं ते एकच डिझाइन हाये, अजून कपड्यावर उतरलं नाही. ते पहिले पाठवा. दुसरं काही मांगत नाही.

मामाजी, तुमचे बापू, बरे हायेत. तुमची आठवण काढतात.

तुमची वहिनी
जया

*

यवतमाळ
१४ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

पाकीट मिळालं. फोन उचलला नाही याबद्दल माफ करा, खरंच कामात होते. दिवाळीत नवीन कॉम्प्युटर घेतला, त्यावर डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं. इतकं सुंदर चालतं, तुम्ही पाहाल तर थक्क व्हाल. जुन्यात जे करायला दुपार जायची ते यात चहा गार व्हायच्या आत होतं.

तुमच्याकडची अडचण मी समजले. फायली चांगल्या आहेत, इथे व्यवस्थित उघडतात. तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलेला दिसतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये असं होतं. तो व्हायरस फाइल आली की आधी तिलाच खातो, म्हणून उघडत नाही. तुमची काही चूक नाही, सुखीबाईंनाही तसं सांगा.

उपाय एकच. कॉम्प्युटर पूर्ण फॉर्मॅट करून घ्या, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरं, आणि त्यावर नवं व्हर्जन टाकून घ्या. दिग्रसला अश्वजित म्हणून मुलगा दुरुस्तीचं काम करतो, हुशार आहे, त्याच्याशी मी बोलले. सॉफ्टवेअर याच ड्राइव्हमध्ये आहे. आत काही राहू देऊ नका, नाहीतर व्हायरस पुन्हा येईल. तुमच्याकडे तसंही ठेवण्यासारखं काही नाहीच.

जमनीचा फेटिया ड्राइव्हमध्ये सगळ्यात वर ठेवला आहे. फॉर्मॅट झालं की लगेच उघडेल.

बापूंना नमस्कार.

तुमची
रंजिता

*

तांडा
२९ डिसेंबर २०२४

रंजिताबाईंना जय सेवालाल.

तुम्ही म्हटलं तसं केलं. तुमच्या भावानं कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून दिग्रसले नेला, मी संग गेली. अश्वजित पोरगा खरंच चांगला हाये. सगळं पुसलं, नवं टाकलं, मशीनची वायर जुळत नव्हती तर तेबी बसवून दिलं. आता फायली उघडतात. तुमचं खरं निघालं म्हणा.

पण एक विचारायचं हाये, अन् विचारू का नको असं करत चार रोज गेले.

फेटियाचा एक पट्टा नमुन्यासाठी जुन्या कपड्यावर भरून पाह्यला. भरणी इतकी साफ का बाया हात फिरवून पाहत होत्या. मी फुलं पाहत गेली. रंजिताबाई, यात नवरीची जागा नाही.

तुमाले काय सांगावं, तुम्हीच याडीजवळ बसून हे कॉम्प्युटरवर चढवलं. याडी नवरीच्या कोणत्याबी कामात एका फुलाची एक कड उघडी सोडे. कोणतं फूल, कोणती कड, ते तिचं तिलेच ठावं. दरवेळी वेगळं. लग्नाच्या सकाळी नवरीले ते शोधाले लावायची अन् तिच्याच हातानं टाके घालून कड बुजवाले लावायची. माह्या लग्नातबी तसंच केलं होतं. मले ते फूल सापडेच ना, अन् याडी तोंडाले पदर लावून हसे. म्हणे, दुसऱ्यानं पुरं केलेलं नेसून जाऊ नको, थोडं तुह्यं तू कर.

या फेटियातली सगळी फुलं बंद हायेत. मी एक एक पाह्यलं. जमनीनं पाह्यलं. कुठंच उघडी कड नाही.

तुमच्यापाशी जुन्या व्हर्जनमधली फाइल असंलच. तीच पाठवा, अश्वजितले विचारून कशीबी उघडू.

जया

*

यवतमाळ
५ जानेवारी २०२५

वहिनी,

घाईत लिहीत आहे. संक्रांतीच्या ऑर्डरी आहेत.

नव्या व्हर्जनमध्ये अशा बारीक गोष्टी कधी कधी आपोआप नीट केल्या जातात. उघडी कड त्याला चूक वाटली असेल. फार मोठी गोष्ट नाही. फेटिया भरून घ्या आणि कुठल्याही एका फुलाची कड हाताने उसवा. जमनीला काय कळणार आहे? काम थांबवू नका.

जुनी फाइल शोधते.

रंजिता

*

तांडा
१९ जानेवारी २०२५

रंजिताबाई,

जमनीले काय कळणार, असं लिहिलं तुम्ही. मी ते पत्र तिच्या हाती पडू दिलं नाही.

फेटिया भरला नाही. कापड तसंच पडून हाये. मामाजींनी नमुन्याचा पट्टा मांगितला. त्यायले आता जवळचं दिसत नाही, तर बोटानं पाहत गेले, फुलामागून फूल, शेवटपर्यंत. मंग पुन्हा पहिल्यापासून. पट्टा घडी करून माह्या हाती दिला अन् बाहेर जाऊन बसले. त्या रात्री जेवले नाही. तुमाले मुद्दाम सांगून राह्यली, कारण तिथं ऑर्डरीच्या गडबडीत तुमाले हे दिसणार नाही.

फाइल शोधाले इतके दिवस लागत नाही. तुमच्या घरात याडीच्या फायलींचं वेगळं फोल्डर होतं, तुम्ही कोणाले हात लावू देत नव्हत्या. आमाले इथं एक कॉपी ठेवाची बंदी केली, का दिग्रसच्या बाजारात डिझाइनं फुटतात म्हणून. इतकी राखण केली अन् आता शोधते म्हणता?

काहून लपवून राह्यल्या? काय झालं ते सांगा. जे असंल ते. मी भांडेन, पण खरं ऐकून भांडेन.

जया

*

यवतमाळ
२६ जानेवारी २०२५

वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस नव्हता. कधीच नव्हता. तो मी माझ्या मनाने काढला.

झालं असं. दिवाळीत नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी शेजारच्या बाया बोलावल्या होत्या, पेढे ठेवले होते. दुकानाचा माणूस सॉफ्टवेअर टाकत होता आणि सांगत होता, ताई, जुन्या फायलींचं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका. आधी एकच फाइल नव्यात उघडून तपासा. जुना कॉम्प्युटर महिनाभर तरी असू द्या, कारण नव्यात सेव्ह केलेली फाइल फार जुन्या व्हर्जनमध्ये परत जात नाही. मला सगळ्यांसमोर राग आला. हा काय मला शिकवतो, मी इतकी वर्षं हेच करते. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही तुमचं काम करा.

तो गेला. स्क्रीनवर प्रश्न आला की जुन्या सगळ्या फायली नव्या पद्धतीत बदलायच्या का. बाया बघत होत्या. मी रुबाबात ‘हो, सगळ्या’ दाबलं. पेन ड्राइव्ह लावलेलाच होता, त्यातल्याही बदलल्या. जुन्यावर नव्या चढल्या, जुनी एकही उरली नाही. जुना कॉम्प्युटर मी दुकानदाराला बदल्यात दिलेला. दुसऱ्या दिवशी धावत गेले तर त्याने तो साफ करून कोणाला विकूनही टाकला होता.

कड बुजली हे मला तेव्हाच दिसलं. पहिली मी जमनीचाच फेटिया उघडला होता. मला माहीत होतं की ती जागा कोणत्या तरी फुलात आहे, पण कोणत्या, ते आठवेना. चढवताना याडी सांगायची, इथं सोड, आणि मी सोडायची. मी तिचं बोट बघत होते, फूल बघितलंच नाही. ती मला म्हणाली होती, हे जमनीचं हाये, सांभाळ. आणि मी पेढे वाटत बसले.

तुमचं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला पाहिजे होतं. तुमच्या व्हर्जनमध्ये फाइल परत नेता येत नाही, तर मी विचार केला, तुम्हालाच नव्या व्हर्जनवर आणावं, मग कोणी विचारणारच नाही. फॉर्मॅट करा म्हटलं की तुम्ही शंका घेणार नाही. माझ्या चुकीवर पांघरूण घालायला तुमचा कॉम्प्युटर आजारी पाडला. सुखीबाईंसमोर तुम्हाला चूक कबूल करायला लावली असती तरी मी गप्प बसले असते. इतकी मी खाली गेली.

बापूंबद्दल वाचलं आणि मले जेवण गेलं नाही. मले तोंड दाखवायची लाज वाटते, वहिनी. तुम्ही काहीही म्हणा. कमीच पडेल.

रंजिता

*

तांडा
४ फेब्रुवारी २०२५

रंजिताबाई,

पत्र वाचून मी सगळ्यात आधी तुमाले शिव्या दिल्या. मोठ्यानं, एकटीनं, वावरात उभी राहून. तुमचे भाऊ म्हणाले, कोणाशी बोलून राह्यली? म्या म्हटलं, वाऱ्याशी.

मंग माह्या तोंडातल्या शिव्या माह्यावरच फिरल्या. ते आता ऐका.

मी तुमाले लिहिलं होतं का काम झाल्यावर आम्ही फायली पुसून टाकतो. खोटं होतं ते. मागल्या वर्षी तुम्ही एकदा सगळाच ड्राइव्ह पाठवला होता, चुकून का काय. मी त्यातलं याडीचं पूर्ण फोल्डर आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. जमनीचा फेटियाबी त्यात होता. जुन्या व्हर्जनमधला, उघड्या कडेसकट. कोणाले दिसू नये म्हणून त्याले भलतंच नाव दिलं, फवारणीची बिलं म्हणून.

विकाले नव्हतं घेतलं. याडीजवळ तुम्ही दोन उन्हाळे बसल्या, मी सोळा वर्षं बसली. तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचं काम माह्यं होतं. तरी डिझाइनं तुमची झाली, कारण कॉम्प्युटर तुमाले येते. मले ते सलत होतं. म्हणून चोरून ठेवलं, अन् ठेवून भेत राह्यली का रंजिताबाईले कळलं तर काय म्हणतील, गटातल्या बाया काय म्हणतील. तुमची फाइल उघडली नाही तेव्हाबी ती बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

अश्वजितनं फॉर्मॅट करायच्या आधी हात थांबवला होता. म्हणाला, “काकू, आत काही ठेवायचं असंल तर सांगा. एका ड्राइव्हमध्ये काढून देतो.”

तुमचे भाऊ बाजूले उभे होते. सुखीबाईचा पोरगा राजकुमार उभा होता. मी हो म्हटलं असतं तर ते फोल्डर त्यायच्यासमोर उघडलं असतं. अन् तुमचा व्हायरसबी डोक्यात होता. म्या म्हटलं, काही नाही.

त्यानं पुन्हा विचारलं. “पक्कं ना काकू? मंग परत येत नाही.”

म्या म्हटलं, पूस बाबा, आत काय हाये, फवारणीची बिलं हायेत.

तुमचं पत्र आलं तशी मी दिग्रसले धावत गेली. त्यानं लई प्रयत्न केला. त्यावर नवं चढलं होतं, फायलींचे तुकडे निघाले, फेटिया निघाला नाही. आता त्यानं एकाच कॉम्प्युटरवर जुनं व्हर्जन वेगळं अन् नवं वेगळं असं दोन्ही टाकून दिलं. दोन्ही चालतात, कोणी कोणाले खात नाही. हे आधीबी करता आलं असतं. आपण दोघींपैकी एकीनं जरी तोंड उघडलं असतं तर याडीचं काम आज घरात असतं.

तुम्ही खोटं बोलल्या म्हणून मी पुसलं, अन् मी लपवलं म्हणून ते वाचलं नाही. कोणाचं पाप जड, ते मोजाले मले आता वेळ नाही. फेटिया भराले घातला. आरसे लावाले हात कमी पडतात. तुम्ही या. माफ केलं म्हणून बोलवून राह्यली नाही, सुई धरता येते म्हणून बोलवून राह्यली. चष्मा आणा.

मामाजींना मी काही सांगितलं नाही. ना तुमचं, ना माह्यं.

जया

*

तांडा
२ एप्रिल २०२५

रंजिताबाईंना जय सेवालाल.

तुम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेल्या, मले उठवलंबी नाही. घर रिकामं झालं. जमनीचा फोन येते, टेकडीवर जाऊन ऐकतो. बरी हाये. पोरगा समजदार दिसते.

मले त्या सकाळचं लिहायचं हाये. तुम्ही तिथं होत्या, तरी लिहायचं हाये, कारण तिथं मी होती का नव्हती हे मलेच समजून नाही राह्यलं.

आपण दोघींनी आदल्या दिवशी एका फुलाची कड उसवली होती. अंदाजानं. तुम्ही म्हणाल्या हे असंल, म्या म्हटलं ते असंल, शेवटी जे हाताजवळ होतं ते उसवलं. सकाळी बाया जमल्या, जमनीच्या मांडीवर फेटिया ठेवला. पोरीनं शोधत शोधत ते फूल काढलं. इतकी खुश झाली. बाया हसल्या. मामाजी दारात येऊन उभे राहिले. अन् तिनं तुमच्याकडे पाहून विचारलं, “आत्या, हीच का आजीनं सोडलेली जागा?”

तुम्ही हो म्हटलं असतं तर संपलं होतं. कोणाले कळलं नसतं. मी मनातल्या मनात म्हणून राह्यली होती, हो म्हणा, हो म्हणा.

तुम्ही म्हणाल्या, “नाही जमनी. आजीची जागा माह्या हातानं बुजली. मी खोटं बोलून ते झाकलं. ही आम्ही आमच्या मनानं उसवलेली हाये.”

जमनीनं माह्याकडे पाह्यलं. सरळ माह्याकडे. तिले वाटलं असंल आई काही बोलंल. मी खाली पाहून फेटियाची किनार सारखी करत बसली, जशी काही ती वाकडी झाली होती. मंग पोरीनं सुईत दोरा ओवला अन् कड बुजवून टाकली. मामाजी तुमच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेले. माह्याकडे त्यायनं पाह्यलं नाही, कारण पाहायचं काही कारण त्यायले ठाऊकच नव्हतं.

तुम्ही गेल्यापासून तांड्यात एकच गोष्ट चालू हाये. पेटत्या चुलीपुढं, बोअरवर, मशीनजवळ. रंजितानं आईचं शेवटलं काम घालवलं. शिकलेली पोरगी, पण आईचं राखता आलं नाही. सुखीबाई मले म्हणाली, “जया, तुह्याजवळ असतं तर तू जिवापाड जपलं असतं.” मी तिच्या कपात चहा ओतला. रंजिताबाई, मी तिले काही म्हटलं नाही. चहा ओतला अन् साखर कमी पडली का विचारलं.

त्या दिवसापासून मले त्या मशीनसमोर बसणं होत नाही. तुम्ही भरल्या घरात, बापासमोर, आपलं तोंड आपल्या हातानं काळं करून गेल्या. अर्धं काळं माह्यं होतं. तेबी तुम्हीच नेलं, अन् माह्यं नाव काढलं नाही. मी तुमाले शिव्या दिल्या होत्या वावरात. आता कोणत्या तोंडानं देऊ?

शुक्रवारी गटाची बैठक हाये. सगळ्या बाया येतील, मामाजींनाबी मी बसा म्हणून सांगितलं. तिथं मी सांगीन का याडीचा फेटिया माह्याजवळ होता, मी चोरून ठेवला होता, अन् अश्वजितनं दोनदा विचारलं तरी काही नाही म्हटलं.

आज बुधवार. बोलून मंग लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी मले ओळखते. शुक्रवारी कोणीतरी चहा मांगंल अन् मी उठून जाईन. म्हणून हे पत्र आधी गाडीत टाकून राह्यली. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही मामाजींना फोन लावा, तुमचे भाऊ त्यायले टेकडीवर घेऊन येतील. त्यायले विचारा, वहिनी काय बोलली. अन् ते काही नाही म्हणाले, तर हे पत्र तुम्ही त्यायले मोठ्यानं वाचून दाखवा.

जया